जाड ठोकळा

१

दीपेशने गाडीवरचं कव्हर अशा ऐटीत ओढलं, जणू लग्नातला अंतरपाटच त्याच्या हातात होता. आणि मग तो तसाच उभा राहिला. आम्हाला जे दिसत होतं ते त्यालाही आत्ताच दिसत होतं.

साठ वर्षांपूर्वीची मोतिया रंगाची फियाट. रंग नवा, काचा लखलखीत, नाकावरची क्रोमची पट्टी अशी घासलेली की तिच्यात बघून कुंकू लावावं. पण चारही चाकं चिखलाने माखलेली. चिखल वाळून राखाडी झाला होता, कडेकडेने पांढुरका. आणि डाव्या दरवाजावर काट्याने ओढल्यासारखा लांबलचक ओरखडा. काल संध्याकाळी गावातल्या हळदीला जायच्या आधी आपण स्वतः चाकांसकट गाडी पुसली होती, असं दीपेश तीनतीनदा सांगू लागला.

त्याने ड्रायव्हरचं दार उघडलं आणि त्याचा चेहरा आणखी उतरला. क्लच, ब्रेक, अॅक्सिलरेटर, तिन्ही पेडलांवर लाकडाचे ठोकळे होते. सायकलच्या ट्यूबच्या काळ्या पट्ट्यांनी आवळून बांधलेले. ते ठोकळे गाडीतून काढवून त्याने पावसाळ्याच्या आधीच गोठ्यामागच्या सरपणात फेकले होते. ते केव्हाच न्हाणीच्या चुलीत गेले असं सगळं घर धरून चाललं होतं.

ओटीवरून वॉकर सरकवत त्याचे वडील शत्रुघ्नकाका आले. त्यांना वाकता येत नाही, म्हणून त्यांनी लांबूनच आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"बायजा आयली व्हती," ते म्हणाले.

बायजा म्हणजे त्यांची बायको. तिला जाऊन वर्ष उलटून गेलं होतं.

आता मी कोण ते सांगते. मी मनोरमा, राहणार माणिकपूर, मूळची कऱ्हाडकडची. एका विमा कंपनीत मोटारींचे क्लेम तपासण्यात माझी अख्खी नोकरी गेली. उभ्या गाडीला झाड येऊन धडकलं म्हणणारे लोक मी पाहिलेत. तेव्हा मेलेली बाई येऊन गाडी फिरवून जाते, हे माझ्या गळी उतरणं शक्य नव्हतं. पण त्या म्हाताऱ्याचा चेहरा पाहून मी तोंड बंद ठेवलं. तेही माझ्या स्वभावात बसत नाही.

२

मी तिथे गेले होते ती आमच्या विलासरावांमुळे. निवृत्त झाल्यावर बाकीचे नवरे बागेत चालायला जातात, आमचे जुन्या गाड्यांच्या एका मंडळात गेले. कोणी आपली गाडी क्लासिक आहे असं म्हणालं की हे टॉर्च आणि भिंग घेऊन तपासायला जातात आणि तसा दाखला देतात. नियम एकच, गाडी कारखान्यातून निघाली तशी हवी. त्यात कोणी बदल केला की संपलं. यावरून आमच्या घरात रोजची खडाजंगी. मी म्हणते, लग्नात तुमच्या डोक्यावर केस होते, आता नाहीत, मग तुम्हाला ओरिजिनल म्हणायचं की भंगारात काढायचं? ते म्हणतात, केस गळले, कोणी बदलून बसवले नाहीत, हा फरक आहे. असा माणूस.

रविवारची सकाळ होती, फेब्रुवारीतलं कोरडं ऊन. चिंचोटीच्या अलीकडे हायवे सोडून खाडीकडे उतरलं की दीपेशचं गाव लागतं. पुढे भातखाचरं, त्यापुढे बांध आणि मिठागर. घरात ही तीन माणसं, दीपेश, त्याचे वडील आणि बायको रीमा. बहीण स्वप्नाली लग्न होऊन माणिकपूरला फ्लॅटमध्ये राहते. कालच्या हळदीला तीही आली होती आणि इथेच झोपली होती.

विलासरावांनी पेडलांपाशी टॉर्च मारला, नखाने जरा खरवडलं आणि उठून बसले. पेडलांच्या दांड्यांवर कानशीने खाचा पाडलेल्या होत्या, पट्ट्या घसरू नयेत म्हणून. खाचांत कोणीतरी लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वर रंग फासला होता. गाडीत कधीही काही बदललेलं नाही, असं दीपेशने फोनवर शपथेवर सांगितलं होतं. विलासरावांनी भिंग पिशवीत टाकलं आणि आपण निघू या, असं मला म्हणाले.

दीपेशने मग सगळं ओतलं. फ्रेडरिक नावाचा एक रिसॉर्टवाला गाडी घ्यायला तयार होता, पण क्लासिकचा दाखला असेल तरच. तो ती काचेच्या छपराखाली ठेवणार, लोक शेजारी उभे राहून फोटो काढणार. दाखला नाही मिळाला तर भंगारवाला याच आठवड्यात येणार होता. गाडीच्या पडवीच्या जागी त्याला भाड्याच्या खोल्या काढायच्या होत्या. त्याचंही अगदी चूक नव्हतं. आई गेल्यापासून गाडी चालवणारं घरात कोणी नाही, उंदरांनी वायर खाल्ल्या, किती दिवस पूजा करायची नुसती? पण गाडी जाणार ती जाणारच होती, एक तर काचेखाली नाहीतर घणाखाली. आणि हे तो बोलत असताना शत्रुघ्नकाका एका हाताने गाडीचं टप चाचपत उभे होते.

"बाबांनीच केलंय हे," दीपेश शेवटी म्हणाला. "दाखला मिळू नये म्हणून."

म्हाताऱ्याने मान वर केली. "हा," ते म्हणाले. "मीच केलंय."

३

घ्या. गुन्हेगार कबूल झाला, गोष्ट संपली. दीपेश तर तावातावाने फोन करायला निघून गेला. पण न विचारता कबूल होणारा माणूस दिसला की माझे कान टवकारतात. मी विलासरावांना म्हटलं, चहा होईपर्यंत तरी थांबा. आणि काकांच्या शेजारी ओटीवर टेकले.

मी गाडीविषयी विचारलं आणि ते बायकोविषयी बोलले. गाडी घेतली ती वसईच्या एका डॉक्टरकडून, जुनी झाली म्हणून त्याने काढली तेव्हा. चालवायला शिकली बायजा. हे नाही. यांना स्टीअरिंगची भीती वाटायची, अजून वाटते. पण बायजा ठेंगणी, त्यात लहानपणी बांधावरून पडून डावा पाय मोडलेला, तो दोन बोटं आखूडच राहिला. पाय पेडलाला पुरेनात. मग यांनी फणसाच्या लाकडाचे ठोकळे तासून घेतले. दोन सारखे आणि एक जाड. जाड ठोकळा क्लचवर, डाव्या पायाखाली. त्या गाडीतून भाजी गेली, भात गेला, गावातल्या नवऱ्या गेल्या, अडलेल्या बायका दवाखान्यात गेल्या. आणि हे आयुष्यभर शेजारच्या सीटवर, मांडीवर टोपली घेऊन.

"लोक हसायची," ते म्हणाले. "बायको चालवते न् नवरा टोपली धरतो. मना काय त्याचं. मना तिच्या बाजूला बसायचं व्हतं, मी बसलो."

पुढे खुब्याचं ऑपरेशन झालं आणि बुटक्या गाडीत बसता-उठता येईना, तेव्हापासून ते ओटीवर. बायजाबाई मात्र अगदी आजारी पडेपर्यंत रोज दुपारी बांधावर चक्कर मारायच्या, सोबतीला सून. हे ओटीवरून गाडीचा आवाज ऐकत बसायचे, जाताना आणि येताना.

मी विचारलं, काका, काल ठोकळे बांधताना तुम्ही खाली कसे वाकलात? त्यांनी खुब्यावर हात ठेवला. गाडी मागे घ्यायची तर गिअर कुठे टाकायचा? तर वॉकरच्या मुठीकडे बघत राहिले. जो माणूस चपलेत पाय घालायला सुनेला हाक मारतो, तो गाडीच्या तळाशी गाठी मारणार, आणि ज्याला स्टीअरिंगची भीती वाटते तो अंधारात बांधावर गाडी घालणार! मी हळूच म्हटलं की तुम्ही काही केलेलं नाही.

"केलं असतं," ते म्हणाले. "जमलं असतं तर केलं असतं. तेवढं तरी माझ्या नावावर ऱ्हाऊ दे."

मी उठले आणि उगीचच पडवीत गेले. पडवीच्या दाराशी चपला काढल्या आणि आत पाऊल टाकलं, तर तळवा गार लागला. पायाकडे पाहिलं. अंगठ्याला हिरवं शेण लागलं होतं.

४

तोवर दीपेशने फोनवरून झापल्यामुळे सॅन्टन मेकॅनिक येऊन पोचला होता. पाचूबंदरला त्याचं गॅरेज आहे. रविवारची चर्चमधली मिस्सा आटोपून इस्त्रीच्या शर्टातच तो मोटारसायकलवर बसला होता. सहा फुटी आडवा देह, आवाज मात्र बारीक. दीपेशने बापाला सोडून आता त्याला धरलं होतं, कारण ठोकळे काढायला सॅन्टन दोनदा नाही म्हणाला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

सॅन्टन शांतपणे म्हणाला की मला पटलं नव्हतं म्हणून मी नाही म्हणालो, पण शेवटी काढले ना? आणि मला गाडी बिघडवायची असती तर दोन महिने माझ्या गॅरेजात होती तेव्हा बिघडवली नसती का? हे मला पटलं. मी त्याला एवढंच विचारलं की तू ठोकळे काढलेस तेव्हा जाड ठोकळा कुठल्या पेडलावर होता.

"अॅक्सिलरेटरवर," तो लगेच म्हणाला. "पट्टी इतकी घट्ट होती, कापायला लागली."

"नक्की? क्लचवर नव्हता?"

नक्की, म्हणाला. उजवीकडे.

मी गाडीत डोकावून पाहिलं. आत्ताही जाड ठोकळा उजवीकडेच होता, अॅक्सिलरेटरवर.

स्वप्नाली आतून चहा घेऊन आली. बापासारखीच उंच, ताडमाड. डोळे सुजलेले. गाडी विकायला तिचा कडाडून विरोध होता आणि त्यावरून बहीणभावाचं काल हळदीतच वाजलं होतं. रागाने ती मांडवातून लवकर उठून घरी आली होती, हे तिने आपणहून सांगितलं. म्हणजे मोका होता, कारण होतं, गाडीही चालवता येत होती. ती येऊन डोकं दुखतंय म्हणून माजघरात पडली, तिला डोळा लागला, आणि बाहेर डीजे असा दणाणत होता की पडवीत रणगाडा चालू केला असता तरी कळलं नसतं, असं तिचं म्हणणं. दीपेश काकांना मांडवातून घेऊन परत आल्यावर त्याने अंधारातच पडवीची जाळी ओढून कुलूप लावलं आणि किल्ल्या खिशात टाकल्या. त्याआधी जाळी उघडी होती आणि गाडीची किल्ली देवघराच्या खिळ्यावर, घरातल्या कोणाच्याही हाताला लागेल अशी.

मी तिलाही ठोकळ्याचं विचारलं. तिने क्षणभरही विचार केला नाही. जाड तो डावीकडे, आईच्या आखूड पायाखाली, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे म्हणाली. मग उजवीकडे कसा बांधला, असं तिलाच वाटलं, आणि चोर बाहेरचा असणार, त्याला काय कळतंय, असं म्हणून तिने निकालही लावला.

दीपेशही तेच म्हणू लागला. फ्रेडरिकनेच भाव पाडायला माणूस पाठवला असेल, इथपर्यंत त्याची गाडी गेली. विलासराव मला डोळ्यांनी खुणावत होते की चल आता. मी त्यांना म्हटलं, बाहेरचा चोर गाडी फिरवून आणतो, कव्हर घालतो, ते ठीक. पण तो जाताना जमीन सारवून जातो का?

सगळे खाली बघू लागले.

५

ती पडवी शेणाने सारवलेली आहे. सिमेंट पायांना सोसत नाही म्हणून बायजाबाईंनी ती तशीच ठेवली होती. पाहुणे येणार म्हणून काल दुपारी रीमाने ती सारवली, हे दीपेशनेच आम्हाला आल्याआल्या कौतुकाने सांगितलं होतं. या दिवसांतल्या उन्हात शेण तिन्हीसांजेच्या आत खडखडीत वाळतं. मग सकाळी माझा पाय ओला कसा झाला? कारण त्यानंतर ती पुन्हा सारवली होती. चाकांनी जमीन उकरली गेली, ती कोणीतरी लिंपून, हात फिरवून सारखी केली होती. चाकांच्या अगदी कडेपर्यंत. घरच्यांच्या हे लक्षात आलं नाही, कारण सारवलेली जमीन त्यांना रोजचीच.

म्हणजे काम घरच्याच बाईचं. मी सगळ्यांना बाहेर थांबायला सांगितलं आणि एकटीच ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले. सीट पार पुढे ओढलेली होती. मी काही उंच नाही. विलासराव मला फळीवरचा डबा काढून देतात आणि वर ऐकवतात. साध्या फियाटमध्ये माझा पाय अॅक्सिलरेटरला पुरत नाही, कारण जुन्या गाड्यांत तो क्लच-ब्रेकपेक्षा खोल असतो.

इथे पुरला. तिन्हीकडे पुरला. जाड ठोकळ्यावर उजवा पाय असा बसला, जणू कोणी माप घेऊन ठेवला होता.

मी तशीच बसून राहिले. ठोकळा चुकीच्या ठिकाणी नव्हता. एक पाय आखूड असलेल्या बाईला तो डावीकडे लागतो. बुटक्या, पण दोन्ही पाय धड असलेल्या बाईला तो उजवीकडे लागतो. आणि सॅन्टनने ठोकळे काढले तेव्हाही तो उजवीकडेच होता. म्हणजे काका ओटीवर बसले तेव्हापासून बायजाबाई जाईपर्यंतच्या काळात कधीतरी तो हलला होता. त्या काळात दुपारच्या चकरा चालू होत्या. ओटीवर आवाज येत होता. पण गाडी बायजाबाई चालवत नव्हत्या.

स्वप्नालीचे गुडघे या सीटवर स्टीअरिंगला अडकले असते. आणि सकाळी आम्हाला चहा द्यायला कप काढताना पाटावर चढलेली एक बाई मी पाहिली होती.

६

रीमा स्वयंपाकघरात तांदळाच्या भाकरी थापत होती. सकाळपासून या बाईचा आवाज कोणी ऐकला नव्हता. एवढा गोंधळ झाला, तिला कोणी एक शब्द विचारला नव्हता. हळदीतसुद्धा तेच. सून दिसली नाही तर लोक म्हणतात, कामात असेल.

मी दाराला टेकून, शेण ओलं कसं आणि ठोकळा उजवीकडे कसा, एवढं सांगितलं. तिने भाकरी तव्यावर टाकली, पाणी लावलं, उलटली. मग चुलीतली लाकडं मागे ओढली आणि खाली बसली.

"मला वाटलं सारवणं तरी दिसणार नाही," ती म्हणाली.

मी विचारलं, अगं, वेळ थोडा होता तर आधी ठोकळे सोडायचे, जमीन सारवत काय बसलीस? तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी वेडीच आहे. चाकांनी जमीन फाटली होती. सकाळी पाहुणे येणार. फाटकी जमीन ठेवून आत कसं जाणार, हात आपोआप शेणाच्या बादलीत गेला म्हणाली. चाकांचा चिखल अंधारात दिसलाच नाही. तेवढ्यात दीपेशची हाक आली. पण लगेच तीच म्हणाली की तसं नाही, वेळ होता. गाठींना हात लावला होता. सोडवेनात.

मग तिने सांगितलं ते असं. बायजाबाईंना काचबिंदू झाला होता. माणिकपूरच्या डॉक्टरकडे दोघीच गुपचूप जाऊन आल्या. गेलेली नजर येणार नाही म्हणाला. एका दुपारी बांधावर बायजाबाईंनी गाडी थांबवली आणि म्हणाल्या, रीमा, पुढचं सगळं पांढरं दिसतंय, तू ये इकडे. कोणाला सांगू नको, कळलं तर गाडी विकतील. तिथेच रीमा शिकली. ठोकळा उजवीकडे तेव्हाच गेला. घरापासून बांधापर्यंतच्या स्वतःच्या वाटेवर बायजाबाईच चालवायच्या, ओटीवरून दिसतं म्हणून, सीटच्या टोकाशी सरकून डावा पाय पोचवत, सवयीने, रीमा शेजारी बसून डावं-उजवं पुटपुटायची. माझ्यातली क्लेमवाली असं ऐकून मरायला टेकते. बांधावर गेल्या की जागा बदलायच्या.

"मग मी चालवायचे आणि सांगायचे," रीमा म्हणाली. "त्यांना दिसत नव्हतं ना. मिठागरात आज किती बायका आहेत, मिठाचे ढीग कुठवर आलेत, खाडीत भरती आहे का ओहोटी, बगळे किती. बारीकसारीक सगळं. विसरले तर त्या विचारायच्या, बगले नाय काय गो आज?"

पदराने तिने नाक पुसलं.

"काकी, मला आई नव्हती. मावशीने वाढवलं. माझं एवढं बोलणं आयुष्यात कोणी ऐकून घेतलं नव्हतं. घरी आलो की परत मी गप्प, त्या गप्प. पण उद्या दुपार आहे, हे दोघींना माहीत असायचं."

ठोकळे तिने सरपणातून त्याच दिवशी उचलून तांदळाच्या कणगीत लपवले होते. गाडीचा दाखला अडवावा असं तिच्या मनातही नव्हतं. गाडी जाणार हे तिने मान्य केलं होतं. फक्त एकदा जायचं होतं. हळदीत सगळे नाचत असताना ती गेली, दिव्यांच्या उजेडात बांधाच्या टोकापर्यंत. तिथे बाभळीच्या काट्यांनी दरवाजा ओरखडला.

"आणि सगळा रस्ता मी सांगत होते," ती म्हणाली. "रिकाम्या सीटला. वेड्यासारखी. इकडे पाणी आहे, तिकडे पाणी आहे, चांदणं आहे. आई गेल्यापासून मला काही दिसलं ना, तर ते सांगायला कोणी नाही."

मी सासू झाले नाही, मला मूल नाही. दुसऱ्याचं असं काही ऐकलं की मला हेवा वाटतो आणि रडूही येतं. मी दोन्ही गोष्टी आवरल्या. मी कोणाला काही सांगणार नाही, असं तिला म्हटलं. पण बाहेर तुझ्या सासऱ्याने सगळं स्वतःवर घेतलंय आणि तुझा नवरा बापाशी बोलत नाही, तेवढं बघ.

तिने हात धुतले.

७

ती बाहेर आली आणि ओटीच्या कडेला उभी राहून सरळ बोलली.

"आईंना शेवटच्या वर्षी दिसत नव्हतं. गाडी मी चालवायचे. कालही मीच नेली होती."

स्वप्नालीने हातातला कप खाली ठेवला. दीपेश ओरडेल असं मला वाटलं होतं, तो ओरडला नाही. आईला दिसत नव्हतं, असं स्वतःशीच म्हणाला. मग बहिणीकडे पाहिलं, तुला माहीत होतं का म्हणून. तिने नाही अशी मान हलवली. रोज जेवायला वाढलेलं ताट आई चाचपत जेवत असणार, दाराची चौकट हाताने शोधत असणार, आणि एकाच घरात राहून त्याला कळलं नव्हतं. तो गाडीच्या चाकाशेजारी खाली बसला, त्या ओल्या शेणात, इस्त्रीच्या पँटसकट.

विलासराव तेवढ्यात वाकून ठोकळे बघत होते. भिंग परत बाहेर आलं होतं. मी म्हटलं, आता काय आणखी? तर म्हणाले, फणस आहे, फार सुरेख तासलाय, झिजलाही किती नीट आहे बघ. मग उभे राहून त्यांनी घसा साफ केला. ही क्लासिक नाही, तसा दाखला मी देणार नाही, देता येत नाही म्हणाले. कारखान्यातून निघालेली गाडी ही नव्हेच. ही यांनी घरी केलेली आहे.

"म्हणजे भंगारच," दीपेश खालूनच म्हणाला.

इथे मी मधे पडले. अरे, क्लासिक नाही म्हणजे लगेच भंगार कसली? साधी जुनी गाडी म्हणून तपासणीला ने, पास करून घे, विमा मी करून देते. मात्र लायसन्सशिवाय ही पोर हायवेवर दिसली तर पहिली तक्रार मी करीन. सगळ्यांसमोर सांगून ठेवते. रीमाने चटकन मान डोलावली. दीपेशने हात पँटला पुसले. मग फोन काढून भंगारवाल्याला या आठवड्यात येऊ नको म्हणाला. पुढचं पुढे बघू म्हणाला. खोल्यांचं काय करणार, त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

शत्रुघ्नकाका अजून ओटीवरच होते. इतके दिवस ओटीवर बसून ऐकलेला गाडीचा आवाज कोणाचा होता, हे त्यांना आज कळलं होतं. ते रागावले असतील का, याची मला धास्ती होती. त्यांनी वॉकर भिंतीला लावून ठेवला.

"दीपेश," ते म्हणाले, "मना उचल."

दीपेश उठला. हाताला शेण, पँटला शेण. त्याने तसंच बापाला काखेत हात घालून धरलं, खुबा दुखू नये म्हणून आधी पाठ आत घातली, मग एकेक पाय उचलून आत ठेवला. शेजारच्या सीटवर. सॅन्टनने दीपेशच्या खिशातून गाडीची किल्ली काढून रीमाच्या हातात दिली. ती चपला काढून आत बसली, पाय ठोकळ्यांवर टेकले. गाडी दुसऱ्या फटक्यात सुरू झाली.

वाट त्यांच्याच शेतातली, बांधापर्यंतची. तरी मी खिडकीशी जाऊन रीमाला बजावलं की पहिल्याच्या पुढे गिअर टाकायचा नाही. तिने ऐकलं की नाही कोण जाणे. ती समोर पाहत होती आणि काही बोलत नव्हती. म्हाताराही समोर पाहत होता. गाडी पडवीतून बाहेर निघाली आणि उन्हात येऊन थांबली.

"बोल ना," काका तिला म्हणाले. "गप का? तिला सांगायचीस तसं."

"बाबा, तुम्हाला दिसतंय की."

"मना दिसतंय सगलं," ते म्हणाले. "पन तू सांग."